‘टीवायला बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑगस्ट आला की कॉलेजच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘‘काय रे, कॅटचा फॉर्म भरलास का?’’ काहींनी भरलेला असतो. काही जण ‘‘भरू की, मुदत आहे अजून’’ म्हणत कटिंग संपवतात. आणि काहींना कॅट नावाची परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते हेच त्या दिवशी कळतं. मग जी धावाधाव सुरू होते ती थेट मार्च-एप्रिलमध्ये थांबते. तोपर्यंत हातात असतो एक बरा-वाईट पर्सेंटाइल आणि एक वाक्य : ‘‘पुढच्या वर्षी सीरियसली देतो.’’

हे वाक्य म्हणायची वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर आत्ता एफवाय-एसवायला असलेल्यांनी जरा लक्ष द्या. एमबीएचा विचार मनात नुसता डोकावत असला, तरी सुरुवात आत्ताच करा. पण म्हणून लगेच क्लासची पावती फाडायला जाऊ नका! लवकर सुरुवात करा, असं सांगणारे सगळीकडे भेटतात. कशाची सुरुवात, हे मात्र बहुतेक वेळा क्लासवालेच ठरवतात. ज्या गोष्टी तीन महिन्यांत होतात त्या पहिल्या वर्षापासून करायला लावायच्या आणि ज्यांना खरोखर दोन वर्षं लागतात त्यांचं नावही काढायचं नाही, असा हा उलटा कारभार आहे.

आधी टीवायचं वर्ष जरा डोळ्यांसमोर आणा. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कॅट. डिसेंबरमध्ये सिम्बायोसिसची स्नॅप, त्याच सुमारास एनमॅट. जानेवारीच्या पहिल्या रविवारी झॅट. फेब्रुवारीपासून ज्यांना कॉल आलेत त्यांचे इंटरव्ह्यू. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या राज्याची एमबीए सीईटी. आणि तिच्या पाठोपाठ, किंवा तिच्यासोबतच, सहाव्या सेमिस्टरची परीक्षा. शिवाय प्रोजेक्ट, प्लेसमेंट, घरचं लग्नकार्य. (दर टीवायच्या वर्षी कुणा तरी मावसबहिणीचं लग्न असतंच.) या वर्षात नव्यानं काही शिकायला जागाच नाही. इथं फक्त जे आधी कमावलंय ते वापरायचं असतं. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना एक वर्ष जास्त मिळेल, पण शेवटचं वर्ष त्यांचंही असंच जाणार.

आता जे लवकरच करावं लागतं, त्याकडे येऊ. सगळ्यात आधी मार्क. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. ‘‘एमबीएला काय, एन्ट्रन्सचा स्कोअर बघतात,’’ असं एखादा सीनियर छातीठोकपणे सांगतो आणि एफवायचं पोर निवांत होतं. पण आयआयएम अहमदाबाद, बंगळुरू अशा संस्था इंटरव्ह्यूला बोलावताना आणि नंतर अंतिम यादी करताना कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही हिशेबात धरतात. कोण कशाला किती वजन देतं, हे त्या त्या आयआयएमच्या संकेतस्थळावर दरवर्षी प्रवेश धोरण म्हणून जाहीर होतं. लपवाछपवी काही नाही. आपण उघडून बघत नाही, एवढंच.

दहावी-बारावी होऊन गेली, ती आता बदलत नाही. पदवी मात्र अजून चालू आहे. एफवायच्या पहिल्या सेमिस्टरला ‘‘हे धरत नाहीत’’ म्हणून सोडून दिलेला पेपर आणि राहिलेली केटी दोन-तीन वर्षांनी इंटरव्ह्यूच्या टेबलावर समोर येते. पलीकडचे प्राध्यापक मार्कशीटवर बोट ठेवून विचारतात, ‘‘इथं काय झालं होतं?’’ यावर उत्तर देता येतं, पण ते द्यायची वेळच आली नसती तर बरं.

आणि दहावी-बारावीला कमी पडले असतील तर? तर हेही पहिल्याच वर्षी मान्य करा आणि नकाशा त्याप्रमाणे आखा. आपल्या राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या कॅप फेरीत मेरिट सीईटीच्या स्कोअरवर लागतं, तिथं दहावीचे टक्के आड येत नाहीत. जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमस्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा ही नावं याच वाटेवरची. बारावीला ६२ टक्के पडलेल्या मुलानं अहमदाबादच्या आशेवर दोन वर्षं घालवायची आणि सीईटी ‘‘देऊन बघू’’ म्हणून द्यायची, हे बघून मला चिडायला होतं. त्याच्यासाठी सीईटी हीच मुख्य परीक्षा असते, आणि हे त्याला वेळेत सांगणारं कुणी भेटलेलं नसतं.

दुसरी गोष्ट वाचनाची. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मराठी माध्यमातून आलेली, तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी हुशार मुलं सगळ्यात जास्त इथंच गळतात.

कॅट दोन तासांची. तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. अलीकडच्या पेपरांत एकूण ६६ ते ६८ प्रश्न असतात, त्यातले २४ इंग्रजीच्या विभागाचे. या २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर. उतारे कशावर? कधी तत्त्वज्ञानावर, कधी वस्तुसंग्रहालयांच्या इतिहासावर, कधी मुंग्यांच्या वसाहतींवर, कधी अर्थशास्त्रातल्या एखाद्या वादावर. त्यात व्याकरण कुणी विचारत नाही. शब्दांचे अर्थही थेट विचारत नाहीत. विचारतात ते हे, की लेखकाला नेमकं काय म्हणायचंय, तो कशाच्या विरोधात बोलतोय आणि यातलं कुठलं विधान त्याला पटणार नाही.

यासाठी शब्दसंग्रहाची पुस्तकं पाठ करून उपयोग नाही. रोज दहा शब्द पाठ करणारी मुलं मला माहीत आहेत. महिनाभरात तीनशे शब्द होतात आणि उतारा तरीही कळत नाही. अडचण शब्दांची कमी आणि मुद्दा धरून ठेवण्याची जास्त असते. तिसऱ्या परिच्छेदात ‘पण’ आला की लेखकानं वळण घेतलं, हे लक्षात यावं लागतं. ही सवय तीन महिन्यांत लागत नाही, वर्ष-दीड वर्षं लागतंच. उलट ज्याला ती आधीपासून आहे त्याला या विभागाची वेगळी तयारी फारशी करावी लागत नाही.

आणि ही सवय मराठीतूनही लावता येते. पेपरचा अग्रलेख घ्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं एक ओळ लिहा : इथं तो काय म्हणाला? शेवटी एक ओळ : याला कुणी विरोध करायचा तर काय म्हणून करेल? महिनाभर हे केलंत की तोच प्रकार इंग्रजी लेखावर करा. समासातली ओळ मराठीतच लिहा, काही बिघडत नाही. सुरुवात ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या एक्स्प्लेन्ड पानापासून करा, कारण विषय ओळखीचे असतात. मग ‘एऑन’सारख्या संकेतस्थळावरचे लांब निबंध वाचा. तिथले लेख मोफत असतात आणि कॅटच्या उताऱ्यांच्या जवळ जाणारे असतात. पहिल्या पंधरा दिवसांत डोकं दुखेल. एका लेखाला पाऊण तास लागेल आणि तरी अर्धाच कळेल. एफवायला असाल तर याची काळजी करायचं कारणच नाही, कारण पुढे वेळ आहे. टीवायच्या सप्टेंबरमध्ये मात्र हाच पाऊण तास घाम फोडतो.

गणिताचं तुलनेनं सोपं आहे, म्हणजे मार्ग तरी सरळ आहे. बीकॉम, बीए, बीएमएसवाल्यांना याची उगाच धास्ती असते. कॅटचं गणित बहुतांशी शाळेतलंच : टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, समीकरणं, भूमिती, संख्यांचे गुणधर्म. प्रश्न वळवून विचारतात, एवढंच. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला असेल तर एक फुकटचं औषध आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर जा, नववी-दहावीची गणिताची दोन्ही पुस्तकं उतरवून घ्या आणि एका उन्हाळी सुट्टीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवा. हो, प्रत्येक उदाहरण. लाज वाटेल, धाकटी बहीण हसेल. हसू द्या. बाजारातले हजारो रुपयांचे शॉर्टकट नंतर शिका, कारण पाया कच्चा असताना शॉर्टकट फक्त चुका लवकर करायला शिकवतात. जोडीला तीसपर्यंतचे पाढे आणि वर्ग. कॅटला स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर असतो, पण त्याच्यावर माऊसनं आकडे दाबत बसलेला माणूस वेळ गमावतो.

तिसरा विभाग डेटा आणि लॉजिकचा. तिथं कोडी सोडवण्याइतकंच कोडं सोडून देणं महत्त्वाचं असतं. चाळीस मिनिटांत सगळे संच कुणालाच सुटत नाहीत, सोपे कुठले ते ओळखावे लागतात. हे मॉक टेस्टमधूनच येतं आणि ते शेवटच्या वर्षी शिकलेलं चालतं.

आता क्लासबद्दल. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ‘दोन वर्षांचा’, ‘अडीच वर्षांचा’ प्रोग्रॅम विकला जातो. कॉलेजमध्ये सेमिनार होतो, एक फुकट टेस्ट होते, रात्री घरी फोन येतो : ‘‘मॅडम, तुमच्या मुलीत पोटेन्शियल आहे, पण आज अ‍ॅडमिशन घेतली तरच ही सवलत.’’ आई घाबरते. ‘‘अगं, सगळे घेतायत म्हणतात, आपण मागे नको राहायला,’’ म्हणते. बाबा हप्ते बांधून घेतात. पुढे होतं काय? एफवायला उत्साहानं चार महिने क्लास. मग सेमिस्टरची परीक्षा, मग फेस्ट, मग सुट्टी. एसवायला क्लास ‘कव्हर करू’ या खात्यात जमा. आणि टीवायला, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा मटेरियल शिळं झालेलं, मॉक्स कधीच्या देऊन उडवलेल्या आणि त्या नावाचाच कंटाळा आलेला.

क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही. ज्याच्या कॉलेजात कॅट देणारं दुसरं कुणीच नाही, त्याला क्लास निदान चार माणसं मिळवून देतो, आणि ती चार माणसं खूप मोलाची असतात. पण क्लास लावायचा तर एसवाय संपताना लावा, वाचन आणि शाळेचं गणित झाल्यावर. आणि लावण्याआधी एक प्रश्न विचारा. बाहेर फ्लेक्सवर ९९ च्या वरचे जे फोटो आहेत ते दिसतायतच. त्या वर्षी या बॅचमध्ये एकूण मुलं किती होती? उत्तर मिळतं का बघा. त्या फ्लेक्सवरच्या मुलांपैकी पूर्ण क्लास केलेले किती आणि फक्त मॉक सिरीज घेतलेले किती, हेही विचारायला हरकत नाही.

फ्लेक्सवरच्या आकड्याचा अर्थही समजून घ्या. २०२४ मध्ये कॅट प्रत्यक्ष दिलेले विद्यार्थी सुमारे २ लाख ९३ हजार होते. म्हणजे ९९ पर्सेंटाइलला तुमच्यासारखे किंवा तुमच्या पुढचे जवळपास २,९०० जण असतात. ९० म्हटलं की हाच आकडा २९ हजारांवर जातो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे घरी नीट समजावून सांगा. नाहीतर ‘‘नव्वद पडले आणि तरी कॉलेज नाही?’’ या प्रश्नाला उत्तर देताना नाकी नऊ येतील.

सीईटीचा स्वभाव कॅटच्या अगदी उलटा आहे. १५० मिनिटं, २०० प्रश्न, चुकीला दंड नाही. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटला साधारण पावणेदोन मिनिटं मिळतात, पण बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण कापला जातो. कॅटची तयारी केली की सीईटी आपोआप होते असं समजणारे सीईटीला निम्म्यावर वेळ संपवून बसतात. मूळ गणित आणि तर्क सारखाच, पण जानेवारीनंतर वेगाचा वेगळा सराव लागतो. तेव्हा मूळ गोष्टी आधी झालेल्या असल्या तर दोन-अडीच महिने पुरतात.

आणि आता तो विषय, ज्यावर कुठलाही क्लास सेमिनार घेत नाही : कागदपत्रं. हसू नका. चांगला स्कोअर असून फक्त एका दाखल्यापायी जागा हुकण्यासारखं दुःख नाही.

ओबीसीतून कॅटचा फॉर्म भरणार असाल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. ते केंद्राच्या नमुन्यातलं हवं आणि त्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलनंतर काढलेलं हवं. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तिथं चालत नाही. फॉर्म ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि जून-जुलैमध्ये तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांत दहावी-बारावीच्या प्रवेशांची झुंबड असते. एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा. फॉर्ममध्ये एकदा नोंदवलेला प्रवर्ग मुदत संपल्यावर बदलता येत नाही.

राज्य आणि केंद्र यांच्या याद्या वेगळ्या आहेत, हेही पुष्कळांना फॉर्म भरताना समजतं. राज्यातलं मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्याच्या कॅप फेरीत लागू होतं, आयआयएमच्या प्रवेशात तो प्रवर्गच नाही. तिथं कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता निकषांत बसत असेल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्यात व्हीजेएनटीमध्ये असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात. आपली जात केंद्राच्या यादीत कुठे आणि कुठल्या नावानं आहे, हे बघायला पंधरा मिनिटं लागतात. ते एफवायला बघून ठेवा.

राज्याच्या प्रवेशाला राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पडताळणी समितीकडे आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सगळं द्यावं लागतं, आणि आजोबांची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर निदान एक खेप ठरलेली. हे काम महिन्यांचं आहे. बारावीनंतर काढलं नसेल तर या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की पहिलं ते करा.

शिवाय नावं. दहावीच्या मार्कशीटवर ‘शिंदे’चं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, पदवीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव अर्धंच. एरवी कुणी विचारत नाही. प्रवेशाच्या पडताळणीच्या दिवशी मात्र खिडकीपलीकडचा माणूस नेमकं तेच विचारतो. दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, गरज पडली तर राजपत्रात नाव बदल, हे सगळं निवांत करायची वर्षं म्हणजे एफवाय-एसवाय.

फॉर्मबद्दल एक मोठा गैरसमज आहे. कॅटचा फॉर्म भरला म्हणजे सगळ्या कॉलेजांचा भरला, असं वाटतं. तो फॉर्म आयआयएमपुरता. कॅटचा स्कोअर घेणाऱ्या बाकीच्या संस्था, म्हणजे मुंबईचं एसपीजेआयएमआर, आयआयटी मुंबईची मॅनेजमेंट स्कूल, दिल्लीचं एफएमएस, गुरुग्रामचं एमडीआय, या प्रत्येकीचा अर्ज वेगळा, फी वेगळी आणि मुदत वेगळी. यातल्या कित्येक मुदती कॅटचा निकाल लागायच्या आधीच संपतात. म्हणजे किती पडणार हे माहीत नसताना पैसे भरायचे. एकट्या कॅटची फी खुल्या प्रवर्गाला अडीच हजारांच्या वर आहे. सगळे फॉर्म भरत सुटलात तर परीक्षा आणि अर्ज मिळून रक्कम सहज वीस-पंचवीस हजारांकडे जाते. ज्या घरात हा महिन्याचा किराणा आणि भाडं मिळून होणारा खर्च आहे, तिथं कुठले पाच फॉर्म भरायचे हे आधी ठरलेलं असणं ही चैन नाही. त्यासाठी गेल्या वर्षीचे कटऑफ, शुल्क आणि निकष यांची एक वही एसवायलाच तयार करा.

पैशांचंच निघालंय तर तेही बोलू. जुन्या मोठ्या आयआयएमचं दोन वर्षांचं शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. सरकारी विद्यापीठांच्या विभागांत ते त्या मानानं कितीतरी कमी. नामांकित संस्थांसाठी तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज मिळतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही त्यासाठीच आहे. राज्यात कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या योजना आहेत. पण खरा प्रश्न योजनेचा नसतो, घरात बोलण्याचा असतो. बाबांना ‘वीस लाख’ हा शब्द प्रवेशाच्या ऑफर लेटरसोबत, दहा दिवसांत पैसे भरायचे असताना पहिल्यांदा ऐकवू नका. दोन वर्षं आधी ऐकवा. पहिल्यांदा ते ‘‘वेड लागलंय का?’’ म्हणतील. वर्षभरानं स्वतःच बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारून येतील.

राहिला ‘प्रोफाइल’. हा शब्द आला की मुलं सर्टिफिकेटं गोळा करायला लागतात. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, घरबसल्या ‘इंटर्नशिप’, कुठल्याशा संस्थेचं कॅम्पस अ‍ॅम्बॅसॅडरपद. समोर बसलेली माणसं असली शेकडो सर्टिफिकेटं बघून कंटाळलेली असतात. त्यापेक्षा तुमच्या मंडळाचा गणपतीचा हिशेब तीन वर्षं तुम्ही ठेवला असेल, वर्गणी किती आली, मांडववाल्याशी भाव कसा केला, तूट कशी भरली, हे सांगता आलं तर ती मंडळी सरसावून बसतील. सांगलीचे असाल तर हळदीचा सौदा कसा होतो, नाशिककडचे असाल तर लासलगावात कांद्याचा भाव का कोसळतो, सोलापूरचे असाल तर चादरीच्या मागांचं काय झालं, हे तुम्हाला आलं पाहिजे. घरचं दुकान असेल तर उधारी किती दिवसांची असते, हे बाबांना विचारा. याला पैसे लागत नाहीत. पण हे आदल्या रात्री वाचूनही येत नाही, दोन वर्षं डोळे उघडे ठेवावे लागतात. जोडीला स्वतःच्या पदवीचा विषय. बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलाला मॅनेजमेंटचे प्रश्न कमी आणि केमिस्ट्रीचे जास्त विचारतात. तिथं त-त-प-प झालं तर पुढचं अवघडच.

लवकर सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. वर्षभर हे सगळं वाचून, बघून, लोकांशी बोलून तुम्हाला कदाचित कळेल की एमबीए करायचंच नाहीये. किंवा आत्ता करायचं नाहीये. एफवायला हे कळलं तर खर्च शून्य. वीस लाखांच्या कर्जानंतर, मार्केटिंगच्या तिसऱ्या लेक्चरला कळलं तर मोठी पंचाईत. पदवीनंतर लगेच एमबीए करावं की दोन-तीन वर्षं नोकरी करून, यावर एकच उत्तर नाही. हैदराबादच्या आयएसबीसारख्या ठिकाणी किंवा परदेशी बहुतेक बिझनेस स्कूलमध्ये वर्गातली जवळपास सगळी मुलं नोकरी करून आलेली असतात. तिकडे जायचा विचार असेल तर हिशेब वेगळा. कॅटचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता, पण जीमॅटचा पाच वर्षं चालतो. म्हणजे अभ्यासाची सवय ताजी असताना टीवायला जीमॅट देऊन ठेवायची, मग नोकरी धरायची आणि तिसऱ्या वर्षी अर्ज करायचा, हे शक्य आहे. फी मात्र डॉलरमध्ये असते, तेव्हा हौस म्हणून देऊ नका.

आणि सगळं वेळेत करूनही पहिल्या फटक्यात होईलच असं नाही. पण ‘ड्रॉप घेतो’ असं घरी सांगण्याआधी, नोकरी करत दुसरा प्रयत्न करता येतो का बघा. वाचन आणि गणित पक्कं असेल तर नोकरीसोबत रोजचे दोन तास पुरतात. पाया नसेल तर पूर्ण वर्ष घरी बसूनही अपुरं पडतं, वर इंटरव्ह्यूमध्ये त्या रिकाम्या वर्षाचं उत्तर द्यावं लागतं.

या रविवारी एक करा. कॅटचे २०१७ नंतरचे पेपर इंटरनेटवर मिळतात. त्यातला कुठलाही एक उघडा. घड्याळ लावू नका, गुण मोजू नका. पहिला उतारा सावकाश वाचा, शेजारी चार ओळी मराठीत लिहा. मग गणिताचे पाच प्रश्न बघा आणि त्यातलं शाळेत शिकलेलं किती आठवतंय ते तपासा. नंतर कपाटातली कागदपत्रांची फाईल काढा आणि आईला विचारा, ‘‘आई, माझा जातीचा दाखला आणि डोमिसाइल कुठं ठेवलंय गं?’’